बोक्यावरचा आळ

माझ्या माहेरी, तळेघरच्या बाजूला, मांजर पाळतात असं कुणी म्हणत नाही. मांजर घरात असतं, इतकंच. भाताच्या कणगीभोवती फिरतं, चुलीच्या उबेला झोपतं, मनात आलं की रानात जातं आणि वाटलं तर परत येतं. त्याला बाहेर सोडावं की सोडू नये, हा प्रश्न आमच्याकडे कधी कुणाला पडला नव्हता. मला तो पडला लग्नानंतर, जुन्नरला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत.

नवरा एसटीत कंडक्टर होता आणि मी घरी शिवणकाम करायची. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. मशीन खिडकीशी ठेवलं होतं, त्यामुळे उजेड नीट हातावर यायचा आणि गल्ली आपसूक डोळ्यांसमोर राहायची. घरात उंदीर फार झाले होते. एका गिऱ्हाइकाचं रेशमी खणाचं कापड कुरतडलं गेलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "आता आईकडून मांजर आणा, नाहीतर मला दुसरा धंदा बघावा लागेल." त्याची भीमाशंकरच्या गाडीवर ड्यूटी होती. परतताना आईनं तळेघरच्या थांब्यावर एक झाकणाची पाटी त्याच्या हातात दिली. तिच्यात मूठभर जीव. तांबूस पट्टे, मोठे कान आणि गाडीभर ऐकू जाईल असा आवाज. सगळ्या वाटेत प्रवासी तिकीट घेण्याआधी पाटीत डोकावत होते म्हणे.

तेव्हा तालुक्यात बिबट्याची दहशत होती. उसातून बिबटे निघत, वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या उचलत. ठिकठिकाणी पिंजरे लावलेले. आम्ही भरवस्तीत राहत होतो, तरी माणसं संध्याकाळी मागच्या परसात जायला बिचकायची. पत्र्यावर नारळाची झावळी पडली तरी दोन घरांचे दिवे लागायचे. हे सांगायचं कारण, मी स्वभावानं मुळात संशयी आणि त्या दिवसांत सगळं गावच तसं झालेलं. माझ्या संशयाला कुणी हसत नव्हतं.

गल्लीत मांजरं आधीपासून होती. समोरच्या काकूंची एक पांढरीशुभ्र मांजरी. ती दिवसभर त्यांच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसायची, डोळे अर्धवट मिटलेले. येणारी-जाणारी बायामाणसं तिला हात लावून जायची. दुसरा एक काळा बोका. एक कान फाटलेला, मान माणसाच्या मनगटाएवढी जाड, चालणं असं की गल्ली त्याच्या नावावर आहे. तो शेजारच्या अण्णांच्या पत्र्यावर पडून असायचा. अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं, पण मेंढरं त्यांच्या वडिलांच्या काळातच सुटली होती. मुलं चाकणला कंपनीत आणि हे इथं एकटे. कुणाशी बोलायचे नाहीत. सकाळी दारात बसून बोंबील भाजायचे, एक स्वतः खायचे आणि एक वर पत्र्यावर टाकायचे. बोलत नाही त्या माणसाबद्दल गल्ली स्वतःच बोलते. अण्णांबद्दल बरंच बोललं जायचं.

पिल्लू मोठं व्हायला लागलं तसं ते खिडकीच्या गजांशी बसून बाहेर बघायला लागलं. मी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं एक म्हैस, दोन बैल आणि पिशवीत मांजर घेतलेली मी. डॉक्टर तरुण होते. हसले, पण तपासलं नीट. म्हणाले, "लस पुण्याहून मागवावी लागेल. ती दिल्याशिवाय सोडू नका. आणि सोडायचं तर एकदम मोकळं नाही. आधी दार उघडं ठेवून तुम्ही शेजारी बसा. खायला घालायच्या आधी सोडा, म्हणजे पोटासाठी परत येईल. वाटी वाजवून हाक मारायची सवय लावा. आणि पळून यायला घराचं दार कायम उघडं पाहिजे. मांजराला मांजर मारतं ते कोंडीत सापडलं की."

ते शब्द मी घोकून ठेवले. लस दिली. परकराच्या नाडीचा आणि कॉलरच्या कॅनव्हासचा एक पट्टा शिवला, दोन्ही पुढच्या पायांतून घालून पाठीवर बांधायचा. पहिल्या दिवशी पट्टा घालून मांजरीला दारात आणलं तेव्हा अख्खी गल्ली दारात आली. "राव, कंडक्टरनीनं मांजराला झबलं शिवलं," असं कुणीतरी म्हणालं आणि पुढं किती दिवस तेच चाललं. मांजरी मात्र पोट जमिनीला लावून बसली होती. पत्र्यावर बोका उठून उभा राहिला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत लवंडला. मला ते बघणं आवडलं नाही. पांढरी आपल्या पायरीवर डोळे मिटून बसलेली होती.

काकू म्हणाल्या, "आमचीचं काही भय नाही हं. ती बिचारी माशी मारत नाही. त्या काळ्याला जप. बघतोय कसा, षडयंत्र केल्यासारखा." काकू दुपारी टीव्हीवर हिंदी मालिका बघायच्या, तिथले शब्द त्यांच्या बोलण्यात यायचे.

महिनाभर मी नाडी धरून गल्लीत हिंडवलं तिला. नंतर सकाळच्या खाण्याआधी नाडी सोडायला लागले. ती भिंतीच्या कडेनं जायची, गटाराच्या फरशीपर्यंत. वाटी वाजवली की शेपूट ताठ करून पळत यायची. बोका वर असला की मी काठी घेऊन उभी राहायची. तो नसला की मी आत मशीनवर बसायची आणि दार उघडं ठेवायची. सगळं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं चाललं होतं.

एके सकाळी वाटी वाजवूनही ती आली नाही. आली ती बऱ्याच वेळानं, थेट पलंगाखाली गेली. ओढून काढली तर शेपटीच्या मुळाशी दातांच्या खुणा आणि नाकावर ओरखडा. दोन दिवसांत तिथं गळू झालं, पू आला, अंगात ताप. परत पिशवी, परत दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "मागून चावलंय. म्हणजे ही पळत होती."

मला वेगळं काही शोधायची गरजच वाटली नाही. मी सरळ अण्णांच्या दारात गेले.

"अण्णा, तुमच्या बोक्यानं माझ्या मांजरीला फोडलंय."

ते चूल फुंकत होते. वर न बघता म्हणाले, "बोका माजा न्हाई. येतो, बसतो."

"रोज खायला कोण घालतं?"

"खायाला घातलं म्हंजी माजा झाला व्हय? आन त्यानं न्हाई चावलं."

"तुम्ही बघितलंत?"

"न्हाई."

"मग कशावरून म्हणता?"

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. बोंबील उलटा केला. त्यांचं गप्प बसणं मला कबुलीसारखं वाटलं. घरी येऊन मी पाण्याची कळशी खिडकीत भरून ठेवली आणि बोका आमच्या बाजूला उतरला की पाणी मारायला लागले. काकू समोरून म्हणायच्या, "असंच पाहिजे त्याला. खरं म्हणजे कुणीतरी गोणीत घालून लांब सोडून यायला हवा. तुझ्या नवऱ्याची तर गाडीच आहे."

मी हसले होते त्यावर. गल्लीतल्या बायका नळावर होत्या, त्यांनीही ते ऐकलं.

ह्या बोलण्यानंतर थोड्याच दिवसांनी बोका दिसेनासा झाला. पहिल्या दिवशी मी सुटकेचा श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर बोंबील तसाच पडून होता, कावळे तोडत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णा माझ्या दारात आले. आम्ही त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

"बोका कुटंय?"

"मला काय माहीत, अण्णा?"

"तुमच्या मालकांच्या गाडीतनं गेला म्हन्त्यात."

"कोण म्हणतं?"

"समदी."

ते तेवढंच बोलून गेले. मी दारातून बाहेर बघितलं तर नळावरच्या बायका एकदम बादल्यांकडे बघायला लागल्या. ज्या संशयानं मी पत्र्यावरच्या बोक्याकडे बघत होते, त्याच संशयानं आता गल्ली माझ्याकडे बघत होती. ब्लाऊज न्यायला आलेली बाई पैसे देता देता घरात नजर फिरवायची, गोणी दिसते का ते बघायला. एकीनं विचारलंच, "भीमाशंकरच्या जंगलात सोडला का ग? तिकडं वाघ खाईल त्याला." मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती.

खरा त्रास वेगळाच झाला. मला स्वतःला नवऱ्याचा संशय यायला लागला. तो माझ्यावर माया करणारा माणूस आणि मी त्या बोक्यावरून रोज कटकट करत होते. न सांगता नेला असेल का? त्या आठवड्यात चतुर्थी आली होती, ओझरला जादा गाड्या सोडल्या होत्या, तो वेळीअवेळी घरी येत होता. त्याच्या खाकी शर्टाच्या बाह्या मी धुवायच्या आधी उजेडात धरून बघितल्या. काळे केस सापडले, पण ते त्याचेही असू शकत होते.

जेवताना विचारलं, "अहो, खरं सांगा. तुम्ही नेलात का?"

तो हसला. "मी? त्या धुडाला? गोणीत घालायला पोलीस लागतील."

"हसू नका. गल्ली मला खातीय."

"मग खाऊ दे. दोन दिवसांनी दुसरं काहीतरी खातील." आणि तो भात कालवायला लागला.

हसला म्हणून माझा संशय वाढला. मी त्या दिवशी त्याच्याशी धड बोलले नाही.

मांजरी बरी झाली होती आणि गजांशी बसून ओरडत होती. बोका तर नव्हताच. मग भीती कसली, म्हणून मी तिला पुन्हा सोडली. त्याच आठवड्यात ती परत फाटून आली. ह्या वेळी मागचा पाय. मी हळद लावायला पंजा हातात घेतला, तर नखांत पांढरं काहीतरी अडकलेलं. आमच्या घरात पांढऱ्या दोऱ्याची काही वाण नाही, मी तो चिमटीनं काढून टाकणार होते. पण बोटांत घेतल्यावर कळलं, दोरा असा मऊ नसतो. दोऱ्याला पीळ असतो.

मी ते केस तळहातावर घेतले. मग उठून खिडकीतून समोर बघितलं. पांढरी पायरीवर होती, पाय पोटाशी, डोळे मिटलेले. म्हाताऱ्या सवाष्णीसारखी.

पाय बरा झाल्यावर मी एक केलं. दुपारी मांजरीला सोडलं आणि मशीनचं चाक हातानं नुसतंच फिरवत बसले, म्हणजे आवाज येत राहील आणि मी कामात आहे असं वाटेल. डोळे मात्र बाहेर. मांजरी भिंतीच्या कडेनं निघाली. ती गटाराच्या फरशीपाशी पोहोचली आणि पांढरीनं डोळे उघडले. घाई अशी नाही. उठली, आळस दिला, पायरी उतरली आणि सावलीसावलीनं पलीकडच्या बाजूनं निघाली. काकूंच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक अरुंद बोळ होता, पुढं बंद. पांढरी आधी माझ्या मांजरीच्या आणि आमच्या दाराच्या मध्ये आली. म्हणजे परत यायची वाट बंद. मग पुढं सरकली. माझी मागं मागं होत बोळात शिरली. मी उठून धावेपर्यंत आतून किंकाळी आली.

मी ओरडत बोळात शिरले तशी पांढरी माझ्या पायांतून निघून गेली. मांजरीला पदरात गुंडाळून बाहेर आले तेव्हा ती परत पायरीवर बसून पंजा चाटत होती. आणि काकूंच्या दाराचा पडदा हलला. थोडासाच. वारा नव्हता. मालिकेची वेळ असून आतला टीव्ही बंद होता.

म्हणजे त्या बघत होत्या. आज बघत होत्या, की आधीही?

मी लगेच काही बोलले नाही. बोलले असते तर पुरावा काय, चार केस? पण दोन दिवसांनी पुरावा स्वतःच दारात आला. दुधाचा टेम्पो चालवणारा एक जण होता, ओतूरकडच्या वाड्यांवरून कॅन गोळा करायचा. काकूंचा कुणीतरी लांबचा भाचा. बायकोचे ब्लाऊज न्यायला आला आणि सहज म्हणाला, "वैनी, गेला का मग तरास? बोक्याचा?"

"कुठल्या बोक्याचा?"

"आवो, तुमीच सांगितलं व्हतं ना काकूकडं. कंडक्टर भाऊंना जमत न्हाई म्हनून मला न्यायला लावला. लई जड व्हतं बेनं. गोणी फाडली आरदी."

मी हातातले ब्लाऊज मशीनवर ठेवले. "कुठं सोडला?"

"दूध सेंटरापाशी. वतूरच्या रस्त्याला, उसाच्या कडंला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली गेला. "का? तुमी न्हवतं सांगितलं?"

त्याला मी तसाच हात धरून अण्णांच्या दारात नेला आणि म्हटलं, "आता जे मला सांगितलंस ते ह्यांना सांग." त्यानं सांगितलं. अण्णांनी ऐकलं. काकूंच्या दाराकडे एकदा बघितलं आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"यस्टी किती वाजता हाय?" त्यांनी मला विचारलं. माफी नाही, काही नाही. मीही मागितली नाही. चपला घालून त्यांच्याबरोबर निघाले. घरी मांजरीला कोंडून कुलूप घातलं.

त्या रस्त्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही बाजूंनी ऊस. दूध सेंटर बंद होतं. अण्णा उसाच्या कडेनं तोंडानं एक बारीक आवाज काढत चालले आणि मी मागं स्टीलची वाटी वाजवत. अशी दोन अनोळखी माणसं, बिबट्याच्या दिवसांत, दुसऱ्याच्या उसाशी. एक शेतकरी काठी घेऊन आडवा आलाच.

"कोन तुमी? काय हुडकताय?"

"बोका," अण्णा म्हणाले.

"बिबट्या?"

"बोका हो, बोका. मांजार."

त्यानं आमच्याकडे नीट बघितलं. माझ्याकडे, वाटीकडे, अण्णांच्या टोपीकडे. "मांजरासाटी जुन्नरवरनं आला? का पिंजऱ्याचं काय बघाया आलाय? खरं सांगा पावणं."

अण्णांनी खिशातून कागदात गुंडाळलेला भाजका बोंबील काढून त्याला दाखवला. तो वासच इतका खरा होता की त्याचा संशय मोडला. "काळा का? कान फाटल्याला?" तो म्हणाला. "चला."

त्याच्या वस्तीवर जनावरांचा गोठा आणि शेजारी पेंडीच्या पोत्यांची खोली. पोत्यांच्या थप्पीवर बोका होता. आमच्या पत्र्यावर पडायचा तसाच लवंडलेला, पण अंगानं भरलेला. शेतकऱ्याची बायको पुढं झाली. "न्यायचा नाय हं त्याला. पेंडीत लई उंदीर झालं व्हतं. आता एक दिसत न्हाई."

अण्णा खाली बसले. बोंबील पुढं धरला. बोका उतरला, त्यांच्या हाताचा, मग गुडघ्याचा वास घेतला, डोकं एकदा घासलं. बोंबील तिथंच बसून सावकाश खाल्ला. मग परत थप्पीवर चढून बसला.

"रातच्याला आत कोंडता का त्याला?" अण्णांनी विचारलं.

"दार लावून घेतो. वाघरू हिंडतंय, भायेर कोन ठेवंल?"

"मग ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले आणि उठले. आम्ही परतीची गाडी धरली. जुन्नर आलं, शिवनेरी दिसायला लागला, तेव्हा म्हणाले, "मी तुमास्नी बोललो त्ये मनावर घिऊ नका." मी म्हटलं, "मीही तुम्हाला बोलले होते." तेवढ्यावर ते मिटलं.

काकूंशी मात्र मिटलं नाही, कारण मिटवायला भांडण लागतं आणि त्यांनी ते होऊच दिलं नाही. मी गेले, विचारलं. त्यांनी मला पाटावर बसवलं, चहा टाकला, म्हणाल्या, "अगं, तूच म्हणाली होतीस ना की त्रास होतो? तुझ्याच भल्यासाठी केलं. आणि माझी पांढरी? छे! ती चावेल? तुझ्या मांजरीनंच काही काढलं असेल." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की सगळं ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. मी चहा घेतला नाही.

निघताना एवढंच म्हटलं, "काकू, सकाळी तुमची बाहेर, दुपारी माझी. तुमची मालिका लागली की पांढरीला आत घ्या. नाहीतर गोणीची गोष्ट मी नळावर सांगेन."

त्या हसल्या, पण त्या दिवसापासून दुपारी त्यांचं दार आतून लागायला लागलं. बोळाच्या तोंडाशी अण्णांनी जुना पत्रा आडवा ठोकला. आमच्या दाराच्या खालच्या फळीला नवऱ्यानं मांजर जाईल एवढं भोक पाडून दिलं, म्हणजे दार लागलेलं असलं तरी तिला आत येता येईल. त्याला मी अजून सांगितलेलं नाही की मी त्याच्या शर्टाच्या बाह्या तपासल्या होत्या. पुढं पुण्याला नेऊन मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून आणलं. दुपारची हवा खात ती वाढली, भिंतीवर, मग पत्र्यावर चढायला लागली. अण्णांनी तिच्यासाठीही वर बोंबील टाकायला सुरुवात केली, तिथंही मी पहिले दोन दिवस वास घेऊन बघितला. सवय.

वर्षभरानं एका दुपारी काकू दार लावायला विसरल्या. पांढरी उतरली, नेहमीच्या वाटेनं, सावलीसावलीनं. माझी फरशीवर बसली होती. मी काठी घेऊन उठले. पण माझी पळाली नाही. पाठ वर केली, सगळे केस उभे, आणि जागेवरून हलली नाही. दोघी किती तरी वेळ तशाच. मग पांढरीनं नजर वळवली, काही झालंच नाही अशी मागं फिरली आणि पायरीवर जाऊन बसली.

पडदा सरला. काकू दारात आल्या, पांढरीला उचलून छातीशी धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मला म्हणाल्या, "बांधून ठेव ग तुझ्या मांजरीला. लई मारकुटी झालीय. माझ्या बिचारीनं बाहेर पडायचं की नाही?"